हलकी मॅग व्हील्स: आधी वजनकाटा, मग पाना

बाजारात मिळणारी बरीचशी मॅग व्हील्स, म्हणजे अॅल्युमिनियमची अलॉय चाकं, गाडी देखणी करतात आणि जडही करतात. १४ किंवा १५ इंची चाकं काढून १७ इंची घातली की गाडी उभी असताना रुबाबदार दिसते, पण सिग्नलवरून निघताना तिला अंग उचलणं जड जातं. हा लेख उलट्या कारणासाठी चाकं बदलणाऱ्यांसाठी आहे. गाडी चपळ व्हावी, खड्ड्यातून निघताना कमी आदळावी, स्टिअरिंग हलकं लागावं, एवढ्यासाठी खर्च करायची ज्यांची तयारी आहे त्यांनी पुढे वाचावं.

उदाहरणाला मारुती सुझुकीची स्विफ्ट घेतो. ती गल्लोगल्ली आहे, तिच्या मापाची चाकं सहज मिळतात आणि साधारण ९०० किलोच्या गाडीत चाकातले दोन किलो जाणवतात. तुमची गाडी वेगळी असेल तर मापं बदलतील, रीत तीच राहील.

फरक नेमका किती पडतो

चाकातला एक किलो कमी करणं म्हणजे गाडीतले चार किंवा दहा किलो कमी करण्यासारखं, असं ठामपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. हिशेब तसं सांगत नाही. फिरणाऱ्या वस्तूला दोनदा ताकद लागते, एकदा पुढे ढकलायला आणि एकदा फिरवायला. पण फिरवायची ताकद वस्तुमान मध्यापासून किती लांब आहे त्यावर ठरते. १५ इंची रिमची कड मध्यापासून साधारण १९० मिलिमीटरवर असते आणि टायर जमिनीला टेकतो तो सुमारे ३१० मिलिमीटरवर. या दोन आकड्यांच्या गुणोत्तराचा वर्ग केला की ०.३८ येतो. म्हणजे रिमच्या कडेवरून एक किलो उतरवला तर वेग घेताना गाडीतून १.३८ किलो उतरवल्याचा फायदा होतो. आऱ्यांमधून उतरवला तर त्याहून कमी. टायरच्या पट्ट्यावरचा एक किलो मात्र जवळजवळ १.९ किलोच्या तोलाचा असतो. दोनच्या वर आकडा कधीच जात नाही.

आता प्रत्येक चाकामागे दोन किलो वाचले असं धरू. चार चाकांचे आठ, परिणामात ११. स्विफ्टच्या वजनात हे सव्वा टक्क्याच्या आसपास येतं. १२ सेकंदांत ताशी १०० किलोमीटर गाठणारी गाडी फार तर दीड दशांश सेकंद लवकर पोचेल. पेट्रोलचं गणित तर आणखी रुक्ष आहे. शून्यावरून ताशी ५० पर्यंत जाताना या ११ किलोंमागे हजारएक ज्यूल वाचतात आणि एक लिटर पेट्रोलमधून चाकांपर्यंत पोचणारी ऊर्जा साधारण ८० लाख ज्यूल असते. एक लिटर वाचवायला साडेसात हजार वेळा थांबून निघावं लागेल. ॲव्हरेज वाढेल या आशेवर कुणी हलकी चाकं विकत असेल तर नमस्कार करून बाहेर पडा.

मग बदलायची कशाला? खरी गंमत सस्पेन्शनमध्ये आहे. स्प्रिंगच्या वर असलेलं वजन आणि स्प्रिंगच्या खाली असलेलं वजन, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चाक, टायर, ब्रेक डिस्क, ती डिस्क पकडणारा कॅलिपर, हब (चाक ज्यावर बसतं तो फिरणारा भाग) असं सगळं धरून छोट्या गाडीच्या पुढच्या एका बाजूला साधारण ३० किलो स्प्रिंगखाली असतात. त्यातले दोन किलो म्हणजे सहा-सात टक्के. जे दोन किलो अख्ख्या गाडीच्या मानाने किरकोळ, तेच इथे भरघोस ठरतात. चाक खड्ड्याच्या कडेवर आपटून वर उडतं तेव्हा त्याला परत रस्त्यावर दाबायचं काम स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर करतात. चाक हलकं असेल तर ते लवकर टेकतं, आणि टेकलेलं चाकच वळतं आणि ब्रेक धरतं. खडबडीत वळणावर ब्रेक दाबताना हा फरक कळतो, सरळ हायवेवर फारसा नाही.

पहिली पायरी: आहे ते मोजा

हे न करताच लोक पैसे मोजतात. एक चाक काढा, टायरसकट वजन करा. घरच्या वजनकाट्यावर आधी स्वतः उभे राहा, मग चाक घेऊन उभे राहा, वजाबाकी करा. भंगारवाल्याचा किंवा भाजीवाल्याचा इलेक्ट्रॉनिक काटा मिळाला तर उत्तमच. पुढे कधी टायर उतरवाल तेव्हा नुसती डिस्कही (म्हणजे टायर ज्यावर बसतो ते धातूचं चाक, ब्रेक डिस्क नव्हे) तोलून घ्या.

अंदाज यावा म्हणून: १५ इंची स्टीलची डिस्क साधारण सात ते आठ किलो भरते. साधं ओतीव मॅग व्हील त्याच मापात साडेसहा ते आठ. अॅल्युमिनियम म्हणजे हलकं हा समज इथेच कोलमडतो. अॅल्युमिनियम मऊ असल्यामुळे ओतीव चाकात ते जाड ठेवावं लागतं, त्यामुळे स्वस्त मॅग व्हील स्टीलच्या डिस्कएवढंच किंवा अधिक जड निघू शकतं. बाजारातली १७ इंची ओतीव चाकं बहुतेक नऊ-दहा किलोंच्या आसपास असतात.

टायर मोजताना एक खुबी लक्षात ठेवा. झिजलेला टायर नव्यापेक्षा सहज किलोभर हलका असतो, कारण तेवढं रबर रस्त्यावर गेलेलं असतं. जुनं झिजलेलं चाक आणि नवं करकरीत चाक यांची तुलना करून हिरमुसू नका.

आणि वर पाहिल्याप्रमाणे टायरवरचा किलो रिमवरच्या किलोपेक्षा महाग पडतो. एकाच मापाच्या दोन कंपन्यांच्या टायरांत किलोभराचा फरक असू शकतो. टायर बदलायला आलेच असतील तर आधी हलका, चांगली पकड असलेला टायर निवडा. काही वेळा त्यावरच काम भागतं आणि मॅग व्हील्सचे पैसे वाचतात. दुकानदाराला वजन विचारलं की तो विचित्र नजरेने बघेल, तरी विचारा. काटा मागायला लाजू नका.

दुसरी पायरी: मापं जुळवा

चाकाच्या मागच्या बाजूला किंवा आऱ्यांच्या आत बरेच आकडे कोरलेले असतात. त्यातले पाच महत्त्वाचे.

पीसीडी म्हणजे नटांची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास. स्विफ्टला चार भोकं, १०० मिलिमीटर. ह्युंदाई आय२० ला हेच माप चालतं. फोक्सवागन पोलोला मात्र पाच भोकं आहेत. चार गुणिले १०८ किंवा चार गुणिले ९८ चं चाक ‘ओढून बसतं’ असं कुणी म्हणालं तर त्या दुकानात पंक्चरसुद्धा काढू नका. नट तिरके बसतात, स्टडवर (हबमधून बाहेर आलेल्या, नट चढतो त्या बोल्टवर) कायमचा ताण राहतो आणि एके दिवशी ते तुटतात.

मधलं भोक म्हणजे सेंटर बोअर. स्विफ्टच्या हबचा उंचवटा ५४.१ मिलिमीटर आहे. बाजारातली चाकं अनेक गाड्यांना बसावीत म्हणून त्यांचं भोक मोठं, कित्येकदा ७३.१ असतं. मधली फट भरायला हब रिंग लागते. ती किरकोळ वस्तू वाटेल, पण तिच्याशिवाय चाक मध्यावर बसेलच याची खात्री नसते आणि ताशी ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. मग माणूस बॅलन्सिंगच्या दुकानांच्या खेपा घालत बसतो. रिंग मागतानाच आतलं आणि बाहेरचं, दोन्ही व्यास सांगा.

तिसरा आकडा ऑफसेटचा. चाकाचा हबला टेकणारा पृष्ठभाग रिमच्या मध्यरेषेपासून किती मिलिमीटर बाहेर आहे, ते हा आकडा सांगतो. तो ‘ईटी’ या अक्षरांपुढे लिहितात. ईटी कमी तितकं चाक बाहेर येतं. समजा जुनं चाक साडेपाच इंच रुंद आणि ईटी ४५ आहे, नवं साडेसहा इंच आणि ईटी ४०. एक इंच वाढीव रुंदी दोन्ही बाजूंना १२.७ मिलिमीटर वाटली जाते. ऑफसेट पाचने कमी, म्हणून बाहेरची कड १७.७ मिलिमीटर बाहेर येईल आणि आतली ७.७ मिलिमीटर स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बरच्या खांबाच्या) जवळ जाईल. बाहेर १७ मिलिमीटर म्हणजे फेंडरला घासायची आणि मडगार्डबाहेर चिखल उडवायची तयारी. माझं मत विचाराल तर रुंदी अर्ध्या इंचापेक्षा जास्त वाढवू नये आणि ईटी मूळच्या पाच मिलिमीटर इकडेतिकडे ठेवावा. स्टिअरिंगची चाल त्यावर अवलंबून असते.

रिमची रुंदी टायरलाही मानवली पाहिजे. १८५/६५ आर१५ (रुंदी १८५ मिलिमीटर, भिंतीची उंची तिच्या ६५ टक्के, रिम १५ इंची) हा टायर पाच ते साडेसहा इंची रिमवर चालतो, साडेपाचवर सगळ्यात नेटका बसतो. हलकेपणाच्या दृष्टीनेही साडेपाच किंवा सहाच घ्या. प्रत्येक अर्ध्या इंचाबरोबर धातू वाढतो.

शेवटचा आकडा भारक्षमतेचा. जास्त भार सोसणाऱ्या एक्सलच्या निम्म्यापेक्षा तो मोठा हवा. एक्सलचा कमाल भार गाडीच्या मॅन्युअलमध्ये सापडतो. अति हलकी चाकं कधीकधी फक्त ट्रॅकवरच्या हलक्या गाड्यांसाठी असतात. पाच माणसं आणि डिकीत आंब्याच्या पेट्या घेऊन घाट उतरणाऱ्या गाडीसाठी ती नव्हेत.

व्यासाबद्दल थोडं. टायरसकट चाकाचा बाहेरचा व्यास बदलला की स्पीडोमीटर चुकतो. १८५/६५ आर१५ चा व्यास ६२१ मिलिमीटर, स्विफ्टच्या खालच्या मॉडेलांतल्या १६५/८० आर१४ चा ६२०, १९५/५५ आर१६ चा ६२१ आणि २०५/४५ आर१७ चा ६१६. चारही जवळपास सारखे. फरक टायरच्या भिंतीच्या उंचीत आहे. १५ इंचात ती १२० मिलिमीटर असते, १७ इंचात ९२. पावसाळ्यात पाण्याखाली लपलेला खड्डा आला की त्या २८ मिलिमीटरचा हिशेब रिम चुकवते. हलकं करायचं असेल तर इंच वाढवू नका. १५ वर राहा.

तिसरी पायरी: चाक कसं बनलंय ते पाहा

साधं चाक वितळलेलं अॅल्युमिनियम साच्यात ओतून बनतं. त्याच्या वरची जात फ्लो फॉर्म्ड. यात चाक ओततात, मग गरम असताना फिरवून रिमचा भाग रोलरने दाबून ताणतात. धातूचे कण घट्ट बसतात आणि कड पातळ ठेवता येते. आपल्याला वजन नेमकं कडेवरूनच कमी करायचंय, म्हणून पैसा वसूल होतो तो या प्रकारात. एन्केई कंपनी या पद्धतीला ‘मॅट’ म्हणते. तिचं आरपीएफ१ हे १५ इंची चाक साडेचार किलोंच्या आसपास भरतं.

सगळ्यात वरचं फोर्ज्ड, म्हणजे घडीव चाक. अखंड ठोकळा प्रचंड दाबाने ठोकून आकार देतात. जपानच्या रेज कंपनीने १९९६ साली काढलेल्या टीई३७ या चाकाच्या नावातला ३७ हा आकडा वजनाचा आहे: १५ इंची, सहा इंच रुंद चाक, ३.७ किलो. ते चाक अजूनही विकलं जातं आणि त्याच्या नकला त्याहून जास्त. नक्कल ओळखायला काटा पुरतो. दिसायला टीई३७ आणि भरायला सात किलो, म्हणजे ओतीव माल. स्विफ्टला घडीव चाकं घालणं हा हौसेचा मामला आहे. ती किंमत ब्रेक पॅड, चांगले टायर आणि शॉकॲब्सॉर्बर यांवर घातली तर गाडी जास्त सुधारेल.

चाकावर जपानी तपासणीच्या खुणा म्हणून जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए ही रोमन अक्षरं कोरलेली असतात. पहिली खूण निर्माता स्वतः चाचणी करून लावतो, दुसरी स्वतंत्र तपासणीनंतर मिळते. भारतात आयएस १६१९२ या मानकाचा आयएसआय शिक्का पाहा. चाकांच्या नेहमीच्या तीन चाचण्या असतात: वळणावरचा वाकता ताण, सततचा सरळ भार आणि आघात. आघाताच्या चाचणीत चाक १३ अंश तिरकं धरून त्याच्या कडेवर ठरलेलं वजन पाडतात. हलक्या चाकाला हीच चाचणी जड जाते, म्हणून बिनशिक्क्याचं हलकं चाक हे सगळ्यात धोक्याचं.

जुनी चाकं घेत असाल तर टायर काढून आतली बाजू उन्हात पाहा. वेल्डिंगचा डाग, ताजा रंग किंवा केसासारखी चीर दिसली तर कितीही स्वस्त असलं तरी सोडून द्या.

चौथी पायरी: टायर न चढवता कोरडी जुळणी

टायर चढवलेलं चाक दुकानदार परत घेत नाही. म्हणून आधी नुसतं रिम पुढच्या हबवर बसवा, दोन नट हाताने लावा आणि फिरवा. आऱ्या आणि ब्रेक कॅलिपर यांच्यात किमान तीन मिलिमीटर जागा हवी. रिमच्या आतल्या बाजूलाही तेवढीच, शिवाय बॅलन्सिंगची चिकटवायची वजनं तिथे येणार आहेत त्यांच्या जाडीची भर धरा. घट्ट जुळणीत कॅलिपर ती वजनं खरडून काढतो.

नट याच वेळी तपासा. स्विफ्टचे स्टड १२ मिलिमीटर जाडीचे आहेत आणि आटे १.२५ चे, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर १.२५ मिलिमीटर. ह्युंदाई आणि होंडाच्या बऱ्याच गाड्यांना १.५ चे आटे असतात. चुकीचा नट दोन फेरे जातो, मग अडकतो आणि पान्याने रेटलात की स्टडचे आटे गेलेच. नटाची बैठकही, म्हणजे चाकाच्या भोकात तो जिथे टेकतो ती जागा, जुळायला हवी. बाहेरच्या बहुतेक मॅग व्हील्सना ६० अंशांची शंकूची बैठक असते. होंडाचे मूळ नट मात्र गोलाईचे असतात, ते शंकूच्या भोकात जेमतेम एका रेषेवर टेकतात आणि सैल होतात.

मॅग व्हील डिस्कपेक्षा जाड असल्याने नट कमी आत जातो. नियम असा की स्टडच्या जाडीइतके आटे तरी पकडीत हवेत. १२ मिलिमीटरला १.२५ ने भागा: हाताने साडेनऊ फेरे जायला हवेत. पाच-सहा फेऱ्यांत नट टेकत असेल तर ते चाक या स्टडवर चालवू नका.

पाचवी पायरी: टायर, व्हॉल्व्ह, बॅलन्सिंग

हे काम दुकानातच करून घ्या, पण समोर उभं राहून. टायर चढवण्याच्या मशीनच्या जबड्यांना प्लॅस्टिकची टोपणं आहेत का ते पाहा. व्हॉल्व्ह नवे घाला. गाडीत टायरच्या हवेचे सेन्सर असतील तर ते जपून नव्या चाकात हलवायला सांगा. वजनं आतून चिकटवायची, कडेवर ठोकायची नाहीत. ठोकलेल्या क्लिपने रंग निघतो आणि तिथून गंज धरतो. चाक बॅलन्सिंग मशीनवर मागच्या बाजूने, मधल्या भोकात शंकू घालून बसवायला सांगा. एका चाकाला ६०-७० ग्रॅमपेक्षा जास्त वजन लागत असेल तर टायर रिमवर १८० अंश फिरवून पुन्हा मोजायला सांगा. तरीही तेवढंच आलं तर रिम वाकडं असण्याची शक्यता आहे.

सहावी पायरी: बसवणं

सपाट जागा, हँडब्रेक, पहिला गिअर, उचलायच्या चाकाच्या तिरकस समोरच्या चाकाला दगड नाही तर लाकडी ठोकळा. गाडी जमिनीवर असतानाच नट पाव फेरा सैल करा. जॅक मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या खाचेतच लावा, पत्र्याच्या दुसऱ्या जागी लावलात तर चौकट दुमडते. गाडीखाली हात घालायचा असेल तर जॅक स्टँड हवाच.

जुनी डिस्क निघाली की हब वायरब्रशने चकाकेपर्यंत घासा. कोकणात, गोव्यात खाऱ्या हवेमुळे इथे गंजाचे पापुद्रे असतात, आणि अर्ध्या मिलिमीटरचा पापुद्राही चाक तिरकं बसवायला पुरतो. हबच्या उंचवट्यावर ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा म्हणजे अॅल्युमिनियम तिथे धरणार नाही. स्टडच्या आट्यांना मात्र तेल-ग्रीस लावू नका. ओल्या आट्यांवर तोच टॉर्क (आवळायचा पीळ) नटाला जास्त आवळतो.

हब रिंग बसवा, चाक सरळ आत ढकला, सगळे नट बोटांनी शेवटपर्यंत फिरवा. मग समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे आवळा. चाक जमिनीला टेकवून शेवटचा टॉर्क द्या, तोही टॉर्क रेंचने. आकडा मॅन्युअलमध्ये असतो. छोट्या गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर. दुकानात हवेच्या बंदुकीने ‘टर्रर्र’ करून आवळायला लागले तर थांबवा. नरम अॅल्युमिनियमची बैठक त्याने चिरडते आणि पुढे पंक्चर झाल्यावर रस्त्यात नट निघत नाही. पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर चाक थंड असताना टॉर्क पुन्हा तपासा. नवी बैठक दबते, त्यामुळे नट थोडा फिरला तर घाबरायचं कारण नाही. दुसऱ्या खेपेलाही फिरला तर बैठक किंवा आटे चुकले आहेत.

स्टिअरिंग पूर्ण डावीकडे आणि उजवीकडे वळवून, मागे तीन माणसं बसवून, एखाद्या स्पीडब्रेकरवरून हळू जा. घासल्याचा आवाज आला तर आतल्या प्लॅस्टिकवर खूण दिसेल. ऑफसेट बदलला असेल तर अलाइनमेंट करून घ्या. हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणेच भरा. चाक हलकं झालं म्हणून दाब बदलत नाही.

स्टेपनी, कागद आणि विमा

स्टेपनी जुनी स्टीलची असेल तर तिला जुनेच नट लागतात. ते पिशवीत घालून जॅकशेजारी ठेवा. नव्या चाकांची भोकं अरुंद असतील तर गाडीबरोबर आलेला पाना आत जात नाही, पातळ भिंतीचं सॉकेटही तिथेच ठेवा. रात्री घाटात याचा शोध लागणं त्रासाचं असतं.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलांपेक्षा वेगळं काही गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केलं. म्हणून त्याच मॉडेलला कंपनी देते तेच टायरचं माप ठेवणं आणि चाक फेंडरबाहेर न येऊ देणं हा शहाणपणाचा मार्ग. वजन कमी करण्यासाठीही तोच मार्ग योग्य असल्यामुळे इथे काही गमवावं लागत नाही. विमा कंपनीला कळवून पॉलिसीत चाकांची किंमत लिहून घ्या. नोंद नसेल तर चोरी झाल्यावर नव्या चाकांचे पैसे मागणं कठीण होतं. एका चाकाला एक लॉक नट लावा, त्याची चावी गाडीतच ठेवा आणि सर्व्हिसिंगला देताना ती हातात द्या.

जुन्या डिस्क विकू नका. गाडी विकायची वेळ आली की मूळ चाकं लावून विकता येते आणि हलकी चाकं पुढच्या गाडीला उपयोगी पडतात, पीसीडी आणि ऑफसेट जुळला तर नव्या हब रिंगचाच काय तो खर्च.